आधी मोजा, मग पाती बसवा

प्रति,
ऊर्जा विभाग, वन विभाग आणि पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : सह्याद्रीच्या माथ्यांवर जुन्या पवनचक्क्यांच्या जागी नव्या, मोठ्या पवनचक्क्या उभारण्याआधी शिकारी पक्ष्यांच्या शरद ऋतूतील स्थलांतराची मोजणी करण्याबाबत.

महोदय, महोदया,

हा विषय नक्की कुणाच्या अखत्यारीतला, हेच अजून ठरलेलं नाही. पवनचक्की ऊर्जा विभागाची, पक्षी वन विभागाचा, होणारा परिणाम पर्यावरण विभागाचा. आणि पक्षी ज्या हवेतून जातो ती हवा कुणाच्याच सातबाऱ्यावर नाही. म्हणून तिघांना मिळून एकच पत्र लिहितो आहे. खुलं अशासाठी, की ज्यांच्या डोंगरावर हे चाललं आहे त्यांनीही ते वाचावं.

निमित्त एका अहवालाचं. आमच्या भागातल्या एका पठारावर जुन्या पवनचक्क्या काढून मोठ्या बसवायच्या आहेत. कर्ज देणाऱ्या संस्थेला दाखवण्यासाठी कंपनीने पर्यावरणाचा अहवाल करून घेतला, तो गावात वाचायला मिळाला. जाडजूड आहे, नकाशे रंगीत आहेत. पक्ष्यांच्या प्रकरणात एक वाक्य आहे : प्रकल्पक्षेत्रातून शिकारी पक्ष्यांच्या स्थलांतराची नोंद आढळली नाही. पाहणी कधी केली ते शोधलं, तर मे महिना. मे महिन्यात हे पक्षी मध्य आशियात आणि सैबेरियात घरटी करून बसलेले असतात. मार्गशीर्षात वाखरीच्या तळावर जाऊन ‘इथे पालख्या येत नाहीत’ असं लिहून देण्यासारखंच हे.

मी पाटण तालुक्यातला, प्राथमिक शाळेतला शिक्षक. पवनचक्कीचा विरोधक नाही, हे आधीच सांगतो. कारण पक्ष्याचं नाव काढलं की समोरचा माणूस ‘विकासाला विरोध’ हा शिक्का हातात घेऊनच बसलेला असतो. आमच्या थोरल्या चुलत्यांची पठारावरची नाचणी-वरीची जमीन चक्कीला गेली. त्या पैशात चुलतबहिणीचं लग्न झालं, घरावर स्लॅब पडला. वर जायचा डांबरी रस्ताही चक्क्यांमुळेच झाला आणि मीही त्याच रस्त्याने दुर्बीण घेऊन वर जातो. कोळशापेक्षा वारा बरा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण दसऱ्यापासून पुढे, सुट्टीचा दिवस मिळेल तसा, आम्ही तीन-चार जण आणि शाळेतली वरच्या वर्गाची काही पोरं कोयनेच्या खोऱ्यावर झुकलेल्या एका धारेवर बसतो आणि शिकारी पक्षी मोजतो. जागेचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या रविवारी तिथे गाड्या लागतील आणि शनिवारी रात्री तंबू. तुम्हाला हवं असेल तर कळवतो.

मोजणी म्हणजे काय हे थोडं सविस्तर सांगतो, कारण हे चहा पीत आभाळाकडे बघणं आहे असा समज मी मोठमोठ्या खुर्च्यांवर पाहिला आहे. सकाळी खोऱ्यात धुकं असतं तेव्हा वर काहीच नसतं. नऊच्या पुढे कातळ तापायला लागतो, गरम हवा वर चढायला लागते आणि पहिल्यांदा इथल्याच घारी उठतात. घार पंख न हलवता वर चढली, की पुढचे दोन-तीन तास डोळे मिटायचे नाहीत. लांबच्या प्रवासाला निघालेला गरुड पंख मारत जात नाही. तेवढी ताकद खर्चणं त्याला परवडत नाही. चढत्या हवेत गोल फिरत तो उंची मिळवतो, मग पंख ताणून दक्षिणेकडे घसरत जातो आणि पुढच्या चढत्या हवेत पुन्हा गोल. दुपारनंतर कोकणातून खारे वारे येतात, कड्याला थडकतात आणि वर वळतात. मग धारेला समांतर अशी उचलणारी हवा मिळते, फुकट. शिकारी पक्षी धार धरून जातात ते यामुळे. आणि चक्की उभारणारा इंजिनिअर धार शोधतो तोही वाऱ्यासाठीच. भांडण नेमकं इथे आहे, दोघांनाही तीच जागा हवी आहे.

घिरट्या घालणारा थवा मोजायचा नसतो, आकडा चुकतोच. थवा वर पोचून एकेक पक्षी घसरायला लागला की तेव्हा मोजायचे. समोरचा सुळका आणि विजेचा एक खांब यांच्यामध्ये मनाने रेघ ओढायची. ती ओलांडून दक्षिणेकडे गेला तोच मोजायचा. परत फिरला तर वजा. इथल्याच घारी दिवसभर इकडून तिकडे करतात, त्यांना यादीत घ्यायचं नाही. दर तासाला वाऱ्याची दिशा, ढग, किती लांबचं दिसतंय आणि मोजायला किती डोळे होते, हेही लिहायचं. एक पक्षी न दिसणं आणि त्या तासाला कुणी बघतच नसणं, या दोन गोष्टी वहीत वेगळ्या दिसल्या पाहिजेत. अहवालातल्या त्या वाक्यात हाच फरक पुसला गेला आहे.

वहीत काय आहे? भोवत्ये आहेत, म्हणजे हॅरियर : दलदली, पांढुरका आणि माँटेग्यूचा. हे गवताला लागून, खालून जातात. पांढुरका आणि माँटेग्यू यांच्या माद्या आणि पिल्लं दोन्ही तपकिरी. लांबून ओळखू येत नाहीत. तिथे आम्ही ‘अनोळखी भोवत्या’ असंच लिहितो. पोरांना तो रकाना आवडत नाही, मला सगळ्यांत जास्त आवडतो. खरुच्या आहेत, हवेत एका जागी पंख फडफडवत थांबणाऱ्या. बूटेड गरुड, कधी स्टेपी गरुड, धरणाच्या बाजूला मासे पकडणारा कैकर. आणि नोव्हेंबरात, नशीब असेल त्या वर्षी, अमूर ससाणे.

अमूर ससाण्यांबद्दल थांबून सांगायला हवं. रशियाच्या अतिपूर्वेकडून आणि ईशान्य चीनमधून निघालेला हा कबुतरापेक्षाही लहान पक्षी नागालँड-मणिपूरमध्ये थांबतो, भारत ओलांडतो, मग अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिकेत पोचतो. उपग्रह उपकरण लावलेल्या ससाण्यांनी महाराष्ट्रावरून जाणारी वाट दाखवून दिली आहे. २०१२ मध्ये नागालँडच्या दोयांग धरणापाशी हे पक्षी जाळी लावून हजारोंनी मारले जात होते. ते जगासमोर आलं आणि २०१३ च्या हंगामात पांगतीसारख्या गावांनी स्वतः शिकार थांबवली. एका गावाने उत्पन्न सोडलं. त्याच पक्ष्याची पुढची वाट आपल्या डोंगरावरून जाते, आणि आपण ती मोजतसुद्धा नाही.

आता तक्रारी.

पहिली त्या मे महिन्याच्या पाहणीची, ती वर आलीच. फक्त एवढंच जोडतो, की ती एका कंपनीपुरती नाही. सप्टेंबर-अखेर ते नोव्हेंबर-अखेर पठारावर माणूस बसवावा, असं कुठलाही नियम सांगत नाही. मग कंपनी स्वस्तातला आणि सोयीचा महिना निवडते. मीही कंपनी असतो तर तेच केलं असतं.

दुसरी तक्रार नियमाची. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत ज्या प्रकल्पांची यादी आहे, त्यात पवन ऊर्जा नाहीच. म्हणजे पर्यावरण मंजुरी नको, जनसुनावणी नको. वनजमीन असेल तर वन विभागाची परवानगी लागते, पण आमची बहुतेक पठारं मालकीची किंवा गायरानं आहेत. वाऱ्याने धूर होत नाही, हे मान्य. पण धूर होत नाही म्हणून काहीच होत नाही, हे कुणी ठरवलं? केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या पवनचक्क्या बदलण्याचं धोरण आणलं. दोन मेगावॉटपेक्षा कमी क्षमतेच्या चक्क्या त्यात बसतात, आणि साताऱ्याच्या पठारांवरच्या बऱ्याचशा जुन्या चक्क्या तर काहीशे किलोवॉटच्याच आहेत. जुन्या चक्कीच्या पात्याचं टोक शंभर मीटरच्या आत असायचं. नव्यांचं दोनशे मीटरच्या आसपास जातं. भोवत्या खालून जाईल कदाचित. उंची पकडून घसरणाऱ्या गरुडाचं काय?

तिसरी तक्रार ही, की पुरावा आपल्याच जिल्ह्यात तयार झाला आणि आपणच तो वाचला नाही. चाळकेवाडीच्या पठारावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी काम केलं, ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांचं प्रमाण चक्क्या नसलेल्या भागाच्या जवळपास एक चतुर्थांश होतं. जमिनीवर झेप घेण्याचे प्रकारही कमी. त्यामुळे गळ्याला रंगीत पंखा असलेल्या तिथल्या सरड्यांची संख्या वाढलेली, आणि ते सरडे माणूस जवळ आला तरी लवकर पळेनात. शिकारी गेला की खालची सगळी घडी बदलते, हे त्यांनी मोजून दाखवलं. त्या अभ्यासाचा विषय स्थलांतर नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. जे त्यात नाही ते मला त्याच्या तोंडी घालायचं नाही. पण ‘चक्क्यांचा पक्ष्यांवर परिणाम नाही’ असं म्हणणाऱ्याला साताऱ्यात तरी आता तोंड नाही.

आमच्या पठारावर म्हसरं घेऊन फिरणारे एक धनगर मामा आहेत. त्यांना मी हा अभ्यास सांगायला गेलो, तर म्हणाले, “गुरुजी, घट उठलं की ह्या येत्यात. आन् पंखा फिरतो त्या अंगाला त्या फिरकत न्हाईत. ह्याला बंगळूरवरनं यायला लागतं व्हय?”

चौथी तक्रार करारांची, ती थोडक्यात. स्थलांतरित शिकारी पक्ष्यांच्या संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय सामंजस्य करारावर भारताने २०१६ मध्ये सही केली. फेब्रुवारी २०२० मध्ये स्थलांतरित प्रजातींची जागतिक परिषद आपण गांधीनगरला भरवली. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. उजनी, जायकवाडी, नांदूर मधमेश्वरला माणसं जातात, फ्लेमिंगोंचे फोटो छापून येतात. चांगलंच आहे. पण डोंगरावरून जाणाऱ्या शिकारी पक्ष्यांसाठी राज्याचं एकही मोजणी ठाणं नाही. नेपाळ पोखऱ्याजवळच्या थूलाखर्कला बसून गरुड मोजतो. जॉर्जियात बटुमीजवळ २००८ पासून मोजणी चालते आणि एका शरद ऋतूत दहा लाखांवर शिकारी पक्षी मोजले जातात. आपल्याकडे दक्षिणोत्तर पसरलेला एवढा मोठा कडा आहे आणि त्यावर एक खुर्ची नाही.

पाचवी आमची स्वतःची. वहीतल्या नोंदी नीट टाइप करून आम्ही एका कार्यालयात दिल्या. कुठल्या, ते लिहीत नाही. तिथून उत्तर आलं, की या नोंदी अधिकृत नसल्यामुळे विचारात घेता येत नाहीत. बरोबर आहे, अधिकृत नाहीतच. मग अधिकृत कुठे आहेत?

‘मोजून काय होणार’ असं विचारणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८० च्या दशकात गिधाडांची मोजणी झाली होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पक्षीशास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांनी तिथेच पुन्हा मोजलं, तेव्हा गिधाडं संपत चालल्याचं कळलं. पुढे कारण सापडलं : जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली होती. आधीचा आकडा नसता तर ‘गिधाडं हल्ली दिसत नाहीत बुवा’ एवढ्यावरच गप्पा संपल्या असत्या. दुसरी गोष्ट अमेरिकेतली. पेनसिल्व्हेनियातल्या एका डोंगरावर लोक मजेखातर ससाणे-गरुड बंदुकीने पाडायचे. १९३४ मध्ये रोझली एज या बाईंनी तो डोंगर आपल्या ताब्यात घेऊन बंदुका बंद केल्या आणि तिथे मोजणी सुरू झाली. ती आजही चालू आहे. पुढे जाणाऱ्या गरुडांत पिल्लांचं प्रमाण घटत गेल्याचं त्या वह्यांतून दिसलं, आणि डीडीटी या कीटकनाशकाविरुद्धच्या पुराव्यात त्या आकड्यांचा उपयोग झाला. एका टेकडीवर बसलेल्या माणसांच्या वह्या होत्या त्या.

आणि ऊर्जा विभागासाठी खास एक मुद्दा, कारण तुमची पहिली चिंता युनिटची असणार. सह्याद्रीतली पवनचक्की वर्षातली बहुतेक वीज जून ते सप्टेंबरमध्ये बनवते, नैऋत्य मोसमी वाऱ्यावर. ऑक्टोबरच्या उकाड्यात पाती कित्येकदा आळसावून उभी असतात, हे खालच्या गावातलं पोरही सांगेल. पक्षी जातात ते याच वारा पडलेल्या महिन्यांत आणि तेही दिवसाच्या ठरावीक तासांत. स्पेनच्या दक्षिण टोकाला तारिफाजवळ, जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडणाऱ्या पक्ष्यांच्या वाटेवर, चक्क्यांचं रान आहे. तिथे निरीक्षक बसवले. गिधाड चक्कीच्या दिशेने येताना दिसलं की तेवढी चक्की थांबवायची. गिधाडांचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले आणि वर्षाच्या उत्पादनात घट झाली ०.०७ टक्के. आमच्याकडे तर पक्ष्यांचा हंगाम वाऱ्याच्या हंगामाबाहेर पडतो. इतका स्वस्त तोडगा समोर असताना तो न वापरणं मला समजत नाही.

हेही मान्य करतो, की जुन्या दहा चक्क्यांच्या जागी नवी एक-दोन आली तर पक्ष्यांना उलट वाट मोकळी होऊ शकते. पण कुठली जागा सोडायची आणि कुठली धरायची, हे मोजल्याशिवाय कसं ठरवणार?

म्हणून मागण्या सरळ आहेत. नाशिकपासून आंबोलीपर्यंत सह्याद्रीच्या धारेवर निदान पाच ठिकाणी, १५ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर, सलग तीन हंगाम शिकारी पक्ष्यांची मोजणी व्हावी. ती वन विभागाने करावी आणि तिच्यात वनरक्षकांबरोबर गावातली पोरं आणि धनगर असावेत. पगारी असावेत, ‘स्वयंसेवक’ म्हणून फुकट नव्हेत. चक्क्या बदलण्याच्या प्रत्येक प्रस्तावात शरद ऋतूतली पाहणी ही राज्याने स्वतःची अट म्हणून घालावी. केंद्राची यादी बदलायची वाट पाहू नये. ती पाहणी करणाऱ्याची नेमणूक कंपनीने करू नये, पैसे मात्र तिने द्यावेत. मोजणीत दाट वाट दिसली तर चक्की बाजूला सरकवावी, आणि सरकवणं शक्य नसेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पक्षी दिसल्यावर थांबवण्याची सोय असावी. पठारावरच्या ११ आणि ३३ केव्हीच्या खांबांवर उघड्या तारांना आवरण घालावं. गरुड खांबावर बसतो आणि चिकटून मरतो, याला पवनचक्कीच लागते असं नाही. चक्कीखाली मेलेले पक्षी शोधून नोंदवणं बंधनकारक असावं आणि हे सगळे आकडे, आमचे तुमचे कंपनीचे, कुणालाही वाचता येतील असे जाहीर असावेत. तोवर, म्हणजे निदान एक पूर्ण हंगाम मोजला जाईपर्यंत, धारेच्या अगदी कडेवरच्या नव्या चक्क्यांना परवानगी देऊ नये. पठाराच्या आतल्या बाजूच्या चक्क्यांबद्दल माझी आत्ता काही तक्रार नाही.

या पत्राच्या प्रती आमच्या ग्रामपंचायतीला आणि पठारावरच्या चारही वाड्यांना देतो आहे. उत्तर लेखी द्यावं, आणि कुठल्या विभागाचा कोण अधिकारी हा विषय पाहणार, त्याचं पदनाम त्यात असावं.

घट उठल्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही धारेवर असू. तिन्ही विभागांतून एकेक जण आला तरी पुरे. नऊच्या आत पोचावं, डबा आणि टोपी आणावी. दुर्बिणी आमच्याकडे जास्तीच्या आहेत, आणि ‘अनोळखी भोवत्या’चा रकाना भरायला माणसं कमीच पडतात.

आपला,
पाटण तालुक्यातील एक शिक्षक